आधी गोंगाट मोजा, मग स्रोत : अंधुक रेडिओ स्रोतांची सूची घरबसल्या कशी करावी

जळगावचे अक्षांश सुमारे २१ अंश उत्तर आहेत आणि वृषभ राशीतील क्रॅब तेजोमेघाची क्रांती, म्हणजे आकाशातील अक्षांश, सुमारे २२ अंश उत्तर आहे. त्यामुळे हिवाळ्याच्या रात्री हा तेजोमेघ खानदेशाच्या जवळजवळ डोक्यावरून जातो. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी ज्या ताऱ्याचा स्फोट नोंदवून ठेवला, त्याचाच हा अवशेष आहे. रेडिओ लहरींत तो इतका ठळक आहे की १ गिगाहर्ट्झ वारंवारतेला त्याची फ्लक्स घनता, म्हणजे आपल्यापर्यंत पोचणारी तीव्रता, सुमारे १ हजार जान्स्की भरते (या एककाची व्याख्या पुढे येईल). या लेखाचा विषय असे ठळक स्रोत नाहीत. क्रॅबच्या तुलनेत दहा हजारांपासून दहा लाख पटींपर्यंत मंद असलेले, प्रतिमेत पाहताना ‘आहे की नाही’ असा संशय यावा असे जे ठिपके असतात, ते शोधून, मोजून आणि पारखून त्यांची विश्वासार्ह सूची कशी करावी, एवढेच येथे सांगायचे आहे.

या कामाला स्वतःची दुर्बीण लागत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. टीव्हीची ६० सेंटिमीटरची डिश आणि बाजारात मिळणारा सॅटेलाइट फाइंडर वापरून सूर्याची रेडिओ ऊब जाणवते आणि शाळेतील मुलांना दाखवण्यासाठी तो प्रयोग उत्तम आहे. परंतु १२ गिगाहर्ट्झला त्या डिशची नजर सुमारे तीन अंश रुंद असते, म्हणजे सहा पूर्णचंद्र एका ओळीत मांडावेत एवढी. तेवढ्या पट्ट्यात शेकडो अंधुक स्रोत असतात आणि ती डिश त्यातील एकही दाखवू शकत नाही. नवशिक्याने खरे काम करायचे ते मोठ्या दुर्बिणींनी आधीच काढलेल्या आणि सर्वांना विनामूल्य खुल्या असलेल्या प्रतिमांवर. त्यासाठी आठ जीबी मेमरीचा साधा लॅपटॉप आणि बेताचे इंटरनेट पुरते. मी स्वतः हे काम जळगावात घरी बसून शिकलो. उन्हाळ्यात वीज गेली की उतरवून घेत असलेली फाइल अर्धवट राहायची, म्हणून डाउनलोड रात्री लावावे आणि तुटले तर पुढून सुरू होईल असे साधन वापरावे, एवढी एकच स्थानिक सूचना मला करावीशी वाटते.

पहिली पायरी : दुर्बिणीने काय पाहिले ते समजून घ्या

पुणे जिल्ह्यात नारायणगावच्या पूर्वेला खोडद येथे जीएमआरटी म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ती चालवते आणि गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, त्यापैकी १४ मधल्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या भागात आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन भुजांवर, अशी तिची मांडणी आहे. सर्वांत दूरच्या दोन अँटेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. दुर्बिणीची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळचे दोन ठिपके वेगळे दाखवण्याची कुवत, तरंगलांबीला या सर्वांत मोठ्या अंतराने भागून कळते. १५० मेगाहर्ट्झला तरंगलांबी दोन मीटर असते. दोन मीटर भागिले २५ हजार मीटर याचे उत्तर रेडियनमध्ये येते, ते अंशांत नेले की सुमारे १६ विकला होतात (अंशाचा ६०वा भाग म्हणजे कला आणि कलेचा ६०वा भाग म्हणजे विकला). हा हिशेब प्रत्येकाने एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा, कारण पुढे ‘बीम’ हा शब्द वारंवार येणार आहे आणि बीम म्हणजे प्रतिमेत एका बिंदूसारख्या स्रोताचा जो पसरट ठसा उमटतो तो. प्रत्यक्ष प्रतिमा तयार करताना अँटेनांच्या जोड्यांना जे वजन दिले जाते त्यावरून हा ठसा हिशेबापेक्षा थोडा रुंद होतो.

जीएमआरटीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर आकाशाचे जे सर्वेक्षण केले, ते टीजीएसएस या नावाने ओळखले जाते. त्याच्या निरीक्षणांवर नव्याने संस्करण करून २०१७ साली जी सूची प्रसिद्ध झाली, तिच्यात सुमारे ६ लाख २० हजार स्रोत आहेत. उणे ५३ अंश क्रांतीच्या उत्तरेचे जवळजवळ सर्व आकाश, म्हणजे संपूर्ण आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग, त्यात आला आहे. प्रतिमांतील गोंगाटाचा, म्हणजे रिकाम्या जागेतील चढउताराचा, मध्यक ३.५ मिलीजान्स्की प्रति बीम आहे. बीम २५ विकलांचा असून १९ अंश क्रांतीच्या उत्तरेला तो गोल राहतो आणि दक्षिणेकडे जाऊ तसा लांबट होत जातो. जीएमआरटी स्वतः १९ अंश अक्षांशावर असल्यामुळे असे होते. नवशिक्याने म्हणूनच पहिला तुकडा १९ अंशांच्या उत्तरेला निवडावा. आपल्या डोक्यावरचे आकाश त्यात आपोआप येते.

दुसरी पायरी : एक चौरस अंश निवडा, त्याहून जास्त नको

संपूर्ण राशी निवडण्याचा मोह होतो आणि तो टाळावा. एक चौरस अंश म्हणजे सुमारे पाच पूर्णचंद्रांचे क्षेत्रफळ. टीजीएसएसच्या सूचीत एवढ्या जागेत सरासरी १७ स्रोत येतात. १७ नोंदी हाताने तपासता येतात. १७०० तपासता येत नाहीत आणि जो माणूस १७ नोंदी हाताने तपासत नाही, त्याला पुढे संगणकाने काढलेल्या हजारो नोंदींतील खोट कधी कळत नाही.

तुकडा निवडताना तीन गोष्टी टाळाव्यात. आकाशगंगेच्या पट्ट्यापासून किमान १० ते १५ अंश दूर राहावे, कारण तेथे पसरट उत्सर्जनामुळे पार्श्वभूमीच उंचसखल असते. हंसातील सिग्नस ए, शर्मिष्ठेतील कॅसिओपिया ए, कन्येतील व्हर्गो ए आणि आपला क्रॅब यांच्या आसपासचा प्रदेश टाळावा. तिसरे म्हणजे, निवडलेल्या तुकड्याच्या आत किंवा काठाला लागून दोन-तीन जान्स्कींहून ठळक स्रोत असेल, तर पहिल्या प्रयत्नासाठी दुसरा तुकडा घ्यावा. या शेवटच्या अटीचे कारण मला अनुभवाने कळले, ते पुढे येईल.

तिसरी पायरी : प्रतिमा उघडा, पण लगेच ठिपके मोजू नका

फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथील खगोल माहिती केंद्राने तयार केलेले अलादिन हे विनामूल्य सॉफ्टवेअर आकाश फिरून पाहण्यासाठी अतिशय सोयीचे आहे. त्यात टीजीएसएस आणि अमेरिकेच्या व्हीएलए दुर्बिणीचे एनव्हीएसएस सर्वेक्षण हे दोन्ही थर एकावर एक ठेवता येतात. मात्र अलादिनमध्ये सरकवत पाहायची प्रतिमा ही पाहण्यासाठीच असते. ती नव्या चौकटीत बसवताना पिक्सेलमधील मूल्ये थोडी बदललेली असतात, म्हणून मोजमापासाठी सर्वेक्षणाची मूळ फिट्स फाइलच (खगोलीय प्रतिमांचा प्रमाण फाइल-प्रकार) उतरवून घ्यावी आणि ती डीएस-नाइन या सॉफ्टवेअरमध्ये उघडावी.

फाइल उघडल्यावर पहिल्यांदा तिचे शीर्षक वाचावे. त्यात मध्यबिंदूचे विषुवांश (आकाशातील रेखांश) आणि क्रांती, पिक्सेलचा आकार, बीमचा मोठा व लहान अक्ष आणि मूल्यांचे एकक दिलेले असते. एकक ‘जान्स्की प्रति बीम’ असे असते आणि त्यातील ‘प्रति बीम’ हे शब्द नवशिके हमखास विसरतात. एक जान्स्की म्हणजे एका चौरस मीटरवर, एका हर्ट्झच्या पट्ट्यात पडणारी १० च्या उणे २६ व्या घाताइतकी वॅट शक्ती. रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात १९३०च्या दशकात ज्यांच्या निरीक्षणांनी झाली, त्या कार्ल जान्स्की यांचे नाव या एककाला दिले आहे. प्रतिमेतील एका पिक्सेलचे मूल्य म्हणजे त्या बिंदूभोवतीच्या एका बीममध्ये सामावलेली फ्लक्स घनता होय. शेजारच्या पिक्सेलांची मूल्ये नुसती बेरजेत घातली, तर तीच शक्ती अनेकदा मोजली जाते. म्हणून बेरजेला एका बीममध्ये किती पिक्सेल बसतात त्या संख्येने भागावे लागते.

आणखी एक दक्षता. विषुवांश तास-मिनिट-सेकंदांत लिहिण्याची पद्धत आहे आणि बहुतेक सॉफ्टवेअर अंशांत विचारते. ५ तास ३४ मिनिटे म्हणजे ८३.५ अंश, ५.५७ नव्हे. ही चूक केली की आकाशाचा भलताच कोपरा समोर येतो आणि तिथेही ठिपके असतातच, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही.

चौथी पायरी : गोंगाट मोजा

या लेखात सर्वांत जास्त वेळ मी येथे घेणार आहे, कारण सूचीची किंमत याच पायरीवर ठरते. प्रतिमेतील रिकामी जागा खरोखर रिकामी नसते. दुर्बिणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेतील उष्णता, आकाशगंगेचे स्वतःचे तेज, आयनांबराची (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थराची) चंचलता आणि माणसाने निर्माण केलेल्या लहरी या सगळ्यांनी मिळून प्रत्येक पिक्सेलमध्ये एक चढउतार येतो. त्यालाच गोंगाट म्हणतात आणि त्याचे प्रमाण विचलन सिग्मा या अक्षराने दाखवतात. अंधुक स्रोत म्हणजे या गोंगाटातून थोडेसे वर आलेले डोके. डोके किती वर आले आहे हे सांगायचे, तर आधी जमीन कुठे आहे ते माहीत असले पाहिजे.

पद्धत अशी. एक चौरस अंशाचा तुकडा १० कला गुणिले १० कला अशा ३६ चौकटींत विभागावा. अशा एका चौकटीत २५ विकलांचे सुमारे ५०० बीम मावतात, त्यामुळे विचलनाचा अंदाज पुरेसा स्थिर येतो. प्रत्येक चौकटीतील मूल्यांचे साधे प्रमाण विचलन काढू नये, कारण चौकटीत एखादा ठळक स्रोत असला की तो आकडा फुगतो. त्याऐवजी मध्यक काढावा, प्रत्येक पिक्सेलचे मध्यकापासूनचे अंतर चिन्ह सोडून घ्यावे, त्या अंतरांचा पुन्हा मध्यक काढावा आणि त्याला १.४८२६ ने गुणावे. गोंगाट घंटाकृती वितरणाचा असेल, तर हा आकडा सिग्माइतकाच येतो आणि चौकटीतील दोन-चार ठळक स्रोतांनी तो हलत नाही. पायथॉनमध्ये हे चार ओळींचे काम आहे, आणि पायथॉन येत नसेल तर पिक्सेलची मूल्ये स्प्रेडशीटमध्ये घेऊनही करता येते.

आता ३६ आकड्यांचा नकाशा कागदावर काढावा. तो सपाट नसतो, हे पाहून नवशिक्याला आश्चर्य वाटते. केळीच्या बागेत एकाच पाण्याच्या पाळीत एका कोपऱ्याला चिखल आणि दुसरा कोरडा राहावा, तसे ३ मिलीजान्स्की आणि ६ मिलीजान्स्की हे आकडे एकाच चौरस अंशात सापडू शकतात. म्हणून ‘माझ्या प्रतिमेचा गोंगाट ३.५’ असे एकच वाक्य लिहून भागत नाही. प्रत्येक स्रोतापुढे त्याच्या जागेचा गोंगाट लिहावा लागतो.

पाचवी पायरी : उंबरठा ठरवा

किती सिग्माच्या वरच्या ठिपक्याला स्रोत म्हणायचे? हा प्रश्न मताचा नाही, हिशेबाचा आहे. एक चौरस अंशात १ कोटी २९ लाख ६० हजार चौरस विकला असतात. २५ विकलांच्या बीमचे क्षेत्रफळ सुमारे ७०८ चौरस विकला धरले, तर एका चौरस अंशात ढोबळमानाने १८ हजार ३०० स्वतंत्र बीम येतात. निव्वळ गोंगाटामुळे एखादे मूल्य ३ सिग्माच्या वर जाण्याची शक्यता हजारात १.३५ आहे, म्हणजे ३ सिग्माचा उंबरठा ठेवला, तर प्रत्येक चौरस अंशात सुमारे २५ खोटे ठिपके हाती येतील. खऱ्या स्रोतांची संख्या १७ असताना! ४ सिग्माला खोट्यांची संख्या दोन चौरस अंशांत एकच्या आसपास येते आणि ५ सिग्माला जवळजवळ २०० चौरस अंशांत एक एवढी घसरते.

हा हिशेब मात्र गोंगाट पुस्तकातल्यासारखा घंटाकृती असेल तरच खरा आहे. प्रत्यक्षात ठळक स्रोतांच्या भोवतीचे, प्रतिमा साफ करताना पुरते न पुसले गेलेले ठसे, आयनांबरामुळे हललेली स्थाने आणि बाहेरून आलेला व्यत्यय यांमुळे वितरणाचे शेपूट लांबते आणि ५ सिग्मालाही खोटे ठिपके अपेक्षेहून अधिक येतात. टीजीएसएसच्या संपादकांनी ७ सिग्माचा उंबरठा ठेवला, तो याच सावधगिरीने. ३.५ चे सात पट म्हणजे सुमारे २५ मिलीजान्स्की, ही त्यांच्या सूचीची सर्वसाधारण तळरेषा. नवशिक्याने ५ सिग्मापर्यंतचे ठिपके वेगळ्या वहीत ‘उमेदवार’ म्हणून जरूर लिहावेत, पण सूचीत ७ सिग्माच्या वरचेच घ्यावेत, असे माझे मत आहे.

आणि येथे एक सोपी परीक्षा आहे, जी सगळ्या हिशेबांहून मला अधिक पटते. संपूर्ण प्रतिमेला उणे एकने गुणावे आणि त्याच उंबरठ्याने पुन्हा ठिपके शोधावेत. आकाशात ऋण तेजाचे स्रोत या प्रतिमांत अपेक्षित नाहीत, म्हणून उलट्या प्रतिमेत सापडणारा प्रत्येक ठिपका खोटा असतो आणि सुलट्या प्रतिमेतही साधारण तितकेच खोटे असावेत असे धरता येते. उलट्या प्रतिमेत ५ सिग्माला नऊ ठिपके सापडले, तर आपला ५ सिग्मा नावापुरताच आहे.

सहावी पायरी : स्रोत काढा आणि मोजा

आता हे काम पायबीडीएसएफ या विनामूल्य पायथॉन प्रणालीकडे सोपवता येते. ती आधी गोंगाटाचा नकाशा स्वतः काढते, मग ५ सिग्माहून उंच पिक्सेल शोधून त्यांच्याभोवती ३ सिग्मापर्यंतचे सलग ‘बेट’ आखते आणि प्रत्येक बेटावर एक किंवा अधिक घंटाकृती टेकड्या बसवते. हे दोन्ही आकडे तिचे मूळचे आहेत आणि बदलता येतात. गोंगाटासाठीच्या चौकटीचा आकार मात्र तिच्यावर सोपवू नये. आपण हाताने काढलेल्या ३६ चौकटींच्या नकाशाशी तिचा नकाशा ताडून पाहावा.

प्रत्येक स्रोताचे दोन आकडे मिळतात : शिखराची फ्लक्स घनता आणि एकूण फ्लक्स घनता. स्रोत बिंदूसारखा असेल तर दोन्ही जवळजवळ समान येतात. एकूण आकडा शिखराहून बराच मोठा असेल, तर स्रोत पसरट आहे. पण अंधुक स्रोतांत हे गुणोत्तर गोंगाटामुळेच १.२ किंवा ०.८ होऊ शकते, म्हणून ७ सिग्माच्या स्रोताला केवळ १.२ वरून ‘पसरट’ ठरवू नये.

स्थानाची अनिश्चितता साधारणपणे बीमच्या रुंदीला संकेत-गोंगाट गुणोत्तराच्या (स्रोत किती सिग्माचा आहे त्या आकड्याच्या) दुपटीने भागून कळते. २५ भागिले १४, म्हणजे ७ सिग्माच्या स्रोताला सुमारे १.८ विकला. यात सर्वेक्षणाची स्वतःची स्थानचूक मिळवावी लागते, आणि टीजीएसएसमध्ये ती दोन विकलांच्या आतबाहेर आहे. फ्लक्स घनतेच्या मोजपट्टीचीच अनिश्चितता सुमारे १० टक्के आहे, त्यामुळे ३१.४७२ मिलीजान्स्की असे तीन दशांश स्थळांपर्यंत लिहिणे हे काटेकोरपणाचे नव्हे, अज्ञानाचे लक्षण आहे. ३१ अधिक-उणे ५ असे लिहावे.

उंबरठ्यालगतच्या स्रोतांबाबत एक सूक्ष्म गोष्ट लक्षात ठेवावी. खरा स्रोत २३ मिलीजान्स्कीचा असेल आणि त्याच्या जागी गोंगाट नेमका वर असेल, तर तो २६ होऊन सूचीत येतो. गोंगाट खाली असेल तर तो सूचीबाहेर राहतो. अंधुक स्रोतांची संख्या ठळक स्रोतांहून नेहमी जास्त असल्यामुळे खालून वर आलेले वरून खाली गेलेल्यांपेक्षा अधिक असतात. परिणामी सूचीच्या तळाशी असलेले आकडे सरासरीने थोडे फुगलेले असतात. यावर उपाय म्हणजे प्रतिमेत स्वतःच माहीत असलेल्या तीव्रतेचे शंभरेक कृत्रिम स्रोत निरनिराळ्या जागी घालणे, तीच प्रक्रिया चालवणे आणि किती परत सापडले व किती फुगून आले ते पाहणे. ३० मिलीजान्स्कीचे शंभरपैकी ८५ सापडले, तर त्या तीव्रतेला आपली सूची ८५ टक्के पूर्ण आहे असे म्हणता येते. हे वाक्य सूचीच्या पहिल्या पानावर असावे.

सातवी पायरी : खोटे ओळखा

पहिल्या वर्षी मी एका ठळक स्रोताभोवती सहा लहान स्रोतांचे कडे शोधून काढले होते. ते इतके नेटके होते की मला तो दीर्घिकांचा समूह वाटला. वाय आकाराच्या तीन भुजा असलेल्या दुर्बिणीने आकाशाच्या एका भागाकडे थोडाच वेळ पाहिले, की तिच्या बीमला सहा टोकांच्या चांदणीसारखे साइडलोब, म्हणजे मुख्य ठशाभोवतीचे खोटे उपठसे, येतात. टीजीएसएसमध्ये प्रत्येक भागाला सुमारे १५ मिनिटेच मिळाली होती आणि माझे सहा स्रोत त्या चांदणीच्या टोकांवर बसले होते. त्यांच्या अधेमधे तितकीच खोल काळी भोके होती, पण मी प्रतिमेची रंगसंगती अशी ठेवली होती की ऋण मूल्ये दिसतच नव्हती. तेव्हापासून मी प्रतिमा नेहमी करड्या रंगात, उणे ३ सिग्मापासून अधिक १० सिग्मापर्यंत, अशीच पाहतो. ठळक स्रोताभोवती समान अंतरावर बसलेले, एका रेषेत आलेले किंवा शेजारी काळे भोक असलेले ठिपके संशयित समजावेत.

खोट्याचा दुसरा प्रकार अधिक फसवा आहे. सातपुड्याच्या घाटातून यावल-रावेरच्या बागांकडे पाहिले, तर केळीचे एकेक झाड दिसत नाही, हिरवा सलग पट्टा दिसतो आणि त्यात कुठे कुठे जी गर्द ठिकाणे भासतात ती एकच मोठे झाड नसून दाटीने आलेली अनेक झाडे असतात. बीम मोठा असला की आकाशातही हेच होते. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांच्या गटाने १९५५ साली ८१.५ मेगाहर्ट्झवरील जी दुसरी सूची प्रसिद्ध केली, तिच्यात १९३६ स्रोत होते आणि त्यांच्या संख्येवरून विश्वाच्या रचनेविषयी मोठे निष्कर्षही काढले गेले. सिडनीत बर्नार्ड मिल्स यांच्या गटाने तोच आकाशाचा भाग वेगळ्या दुर्बिणीने पाहिला, तेव्हा दोन्ही सूच्या जुळेनात. केंब्रिजच्या यादीतील बहुसंख्य अंधुक नोंदी म्हणजे एकाच बीममध्ये सापडलेल्या अनेक मंद स्रोतांची सरमिसळ होती. १९५९ साली १५९ मेगाहर्ट्झवर केलेली तिसरी सूची आली, तिच्यात केवळ ४७१ नोंदी होत्या. आजही खगोलशास्त्रज्ञ ३सी २७३ किंवा ३सी ४८ अशी नावे घेतात ती या तिसऱ्या सूचीतील आहेत. दुसऱ्या सूचीचे नाव निघते ते बहुधा इशारा म्हणूनच.

आठवी पायरी : दुसऱ्या सूचीशी जुळणी

आपला प्रत्येक स्रोत दुसऱ्या दुर्बिणीने, दुसऱ्या वारंवारतेला पाहिला आहे का ते तपासावे. एनव्हीएसएस हे १.४ गिगाहर्ट्झवरील सर्वेक्षण उणे ४० अंशांच्या उत्तरेचे सर्व आकाश व्यापते. त्याचा बीम ४५ विकलांचा, गोंगाट सुमारे ०.४५ मिलीजान्स्की आणि सूचीत सुमारे १८ लाख नोंदी आहेत. आपला तुकडा ज्या भागात बसत असेल, तेथे व्हीएलएचेच ५ विकलांच्या बीमचे फर्स्ट हे सर्वेक्षण आणि युरोपातील लोफार दुर्बिणीचे १४४ मेगाहर्ट्झवरील सर्वेक्षणही पाहावे. लोफारच्या २०२२च्या दुसऱ्या प्रकाशनात उत्तर आकाशाच्या २७ टक्के भागातून सुमारे ४४ लाख स्रोत नोंदले आहेत, आणि त्याचा बीम केवळ ६ विकलांचा आहे. टीजीएसएसमध्ये एक दिसणारा ठिपका तेथे दोन-तीन झालेला पाहणे हा चांगला धडा असतो.

जुळणीसाठी टॉपकॅट हे सॉफ्टवेअर वापरावे आणि किती विकलांच्या आत सापडला तर जुळला म्हणायचे ते आधी ठरवावे. एनव्हीएसएसमध्ये एका चौरस अंशात सुमारे ५३ नोंदी आहेत. १५ विकलांचे वर्तुळ घेतले तर निव्वळ योगायोगाने एखादी नोंद त्यात पडण्याची शक्यता ०.३ टक्के, आणि ६० विकलांचे घेतले तर जवळजवळ ५ टक्के. म्हणून वर्तुळ लहान ठेवावे. आपल्या सर्व स्रोतांची क्रांती मुद्दाम १० कलांनी सरकवून तीच जुळणी पुन्हा केली, तर योगायोगाच्या जुळण्या किती ते प्रत्यक्षच दिसते.

दोन वारंवारतांचे आकडे मिळाले की वर्णपट निर्देशांक, म्हणजे वारंवारतेच्या ज्या घाताने तीव्रता बदलते तो घात, काढावा. बहुतेक रेडिओ दीर्घिकांसाठी तो उणे ०.७ ते ०.८ च्या आसपास असतो, म्हणजे वारंवारता वाढते तशी तीव्रता घटते. निर्देशांक उणे ०.७५ धरला, तर १५० मेगाहर्ट्झला २५ मिलीजान्स्कीचा स्रोत १.४ गिगाहर्ट्झला सुमारे ४.७ मिलीजान्स्कीचा असावा, आणि एनव्हीएसएसमध्ये तो दिसायला हवा. दिसला नाही तर दोनच शक्यता आहेत : एकतर आपला स्रोत खोटा आहे, किंवा त्याचा निर्देशांक उणे १ हूनही तीव्र उताराचा आहे. दुसरी शक्यता मौल्यवान आहे, कारण पल्सार, दीर्घिकासमूहांतील विझत चाललेले अवशेष आणि अतिदूरच्या रेडिओ दीर्घिका अशाच उताराने सापडतात. म्हणूनच पहिली शक्यता पूर्णपणे निकालात काढल्याशिवाय दुसरीचे नाव काढू नये.

यानंतर दृश्य प्रकाशातील प्रतिमेवर रेडिओ समोच्च रेषा टाकून पाहाव्यात. दोन रेडिओ ठिपक्यांच्या बरोबर मधोमध एखादी लालसर दीर्घिका दिसली, तर ते दोन स्रोत नसून त्या दीर्घिकेच्या कृष्णविवरातून निघालेल्या झोतांची दोन टोके असण्याचा संभव असतो. सूचीत मग दोन ‘घटक’ आणि एक ‘स्रोत’ असे दोन वेगळे स्तंभ ठेवावेत. हे ओळखण्यात माणसाचा डोळा अजूनही उपयोगी पडतो. २०१३ पासून भारतात चालणाऱ्या रॅड-ॲट-होम या नागरिक-विज्ञान उपक्रमात सामान्य पदवीधरांना जीएमआरटीच्या प्रतिमांवर नेमके हेच शिकवले जाते.

नववी पायरी : नोंद लिहा

चाळीसगावजवळच्या पाटण येथील शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांच्या मठासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे आणि ती कोणी, कोणाला, कोणत्या शकात, काय दिले अशा क्रमाने वाचता येते, म्हणून आठशे वर्षांनंतरही तिचा उपयोग होतो. सूचीची नोंदही तशीच पूर्ण असावी. नाव, विषुवांश, क्रांती, दोन्हींची अनिश्चितता, शिखर व एकूण फ्लक्स घनता, त्यांची अनिश्चितता, त्या जागेचा गोंगाट, आकार, जुळलेली नोंद आणि शेरा, एवढे स्तंभ पुरतात. शेऱ्याच्या स्तंभात ‘साइडलोबचा संशय’ असे लिहिण्याची लाज वाटू देऊ नये.

नाव आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेच्या पद्धतीने स्थानावरून द्यावे आणि आकडे जवळच्या पूर्णांकात न नेता पुढचे नुसते तोडावेत. विषुवांश ५ तास ३४ मिनिटे ३१.९४ सेकंद आणि क्रांती अधिक २२ अंश ० कला ५२.२ विकला असेल, तर नाव जे०५३४३१+२२००५२ असे होते, ३१.९४ चे ३२ करायचे नाही. एकदा दिलेले नाव पुढे स्थान सुधारले तरी बदलू नये.

सूचीबरोबर गोंगाटाचा नकाशाही द्यावा. ज्याला एखाद्या जागी काहीच सापडले नाही, त्याला तेथे किती खोलवर पाहिले गेले होते हे त्या नकाशावरूनच कळते, आणि ‘येथे २० मिलीजान्स्कीहून ठळक काही नाही’ ही सुद्धा एक नोंदच आहे. वापरलेल्या प्रतिमेचे नाव, उतरवल्याची तारीख, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि उंबरठ्याचे आकडे एका साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवावेत.

दुसरा चौरस अंश निवडताना तो पहिल्याला लागून असा घ्यावा की काठाला १० कलांचा पट्टा दोन्हींत येईल. पहिल्या सूचीकडे न पाहता दुसऱ्याचे काम पूर्ण करावे आणि मग त्या पट्ट्यातील नोंदी समोरासमोर ठेवाव्यात. दोन-तीनच स्रोत त्यात असतात, पण त्यांचे आकडे एकमेकांशी अनिश्चिततेच्या आत जुळले नाहीत, तर तिसरा तुकडा हाती घेण्याआधी चौथ्या पायरीकडे परत जावे.